माउस, मनगट आणि मांडीवरचें यंत्र

गेल्या आषाढांत चार दिवस मी लोहगडवाडीस राहून आलों. मळवली स्टेशनावर उतरावें, भाज्याच्या लेण्यांवरून डोंगर चढावा, आणि गायमुख खिंडींत पोंचलें म्हणजे एका अंगास विसापूर व दुसऱ्या अंगास लोहगड उभा राहतो. त्या लोहगडाच्या पायथ्याशींच ही वाडी आहे. २०२५ सालीं ज्या बारा दुर्गांस मराठ्यांचे लष्करी भूप्रदेश म्हणून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादींत स्थान मिळालें, त्यांत लोहगड एक. परंतु मी गेलों होतों तो गड पाहण्यास नव्हे. माझी पुतणी पुण्यांतील एका कंपनींत संगणकाच्या आज्ञावली लिहिण्याचें काम करते. कचेरींत रोज हजेरी लावण्याचें बंधन नसल्यामुळें पावसाळ्याचे दोन महिने तिनें वाडींत एक खोली भाड्यानें घेतली होती. ढग दारांतून आंत यावे आणि खिडकींतून बाहेर जावे, अशी ती खोली.

मी पोंचलों तेव्हां ती खाटेवर मांडी घालून, पुढ्यांत उशी, उशीवर लॅपटॉप, आणि उजव्या मनगटास ओढणी गुंडाळलेली, अशी काम करीत बसली होती.

“हें काय ग?” मीं विचारलें.

“कांहीं नाहीं, काका. गारठ्यानें हात आंखडलाय.”

रात्रीं जेवतांना तिला एका हातानें भाकरी मोडवेना, तेव्हां खरी गोष्ट बाहेर आली. तीन आठवडे झाले, आंगठा आणि त्याच्या शेजारचीं दोन बोटें पहांटे बधिर होत होतीं. हात झटकला म्हणजे थोडें बरें वाटे. करंगळी मात्र शाबूत. हातावर पोट असणें हा वाक्प्रचार आपण मजुरांविषयीं योजतों; संगणकावर काम करणारांचें पोटहि हातावरच असतें, हें मला त्या रात्रीं प्रथम उमगलें. लॅपटॉपबरोबर माउस कोणता घ्यावा, आणखी कोणता सरंजाम घ्यावा व तो कसा वापरावा, याविषयीं आज मी जें बोलणार आहें तें त्या बधिर बोटांवरून सुचलेलें आहे.

मुळांत लॅपटॉप ही प्रवासासाठीं केलेली तडजोड आहे. पडदा आणि कळफलक हीं दोन्ही एकाच बिजागरीनें जखडलेलीं. पडदा डोळ्यांच्या उंचीस आणावा तर हात खांद्यापर्यंत उचलावे लागतात. कळफलक कोपराच्या उंचीस ठेवावा तर मान खालीं घालावी लागते. मनुष्याच्या डोक्याचें वजन साडेचार-पांच किलो असतें. तें पुढें झुकलें कीं त्याचा सारा ताण मानेच्या मागील स्नायूंवर येतो. आगगाडींत तासभर हें कोणीहि सोशील. परंतु जो दिवसांतून दोन-तीन तासांहून अधिक काळ या यंत्रापुढें बसतो, त्यानें पडदा आणि कळफलक यांची फारकत केलीच पाहिजे. पडदा वर, वेगळा कळफलक व माउस खालीं. दुकानांत या यंत्राच्या नांवानें जें जें मांडलेलें असतें, त्यांपैकीं ही फारकत साधणाऱ्या तीन वस्तू आधीं घ्याव्या. रंगीत दिवे आणि पंख्यांचीं तबकें यांचा विचार मागाहून केला तरी चालेल.

पडदा वर नेण्यासाठीं घडीचें स्टँड मिळतें, आणि तें वाईट नाहीं. पण त्यावांचून अडतें असें नव्हे. माझ्या एका स्नेह्यानें केतकरांच्या ज्ञानकोशाचे दोन जाड खंड लॅपटॉपखालीं घातले आहेत. तेवीसांपैकीं निदान दोन खंडांचा आपण रोज उपयोग करतों, असें तो अभिमानानें सांगतो. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेंत असावी आणि पडदा हात लांब केला असतां बोटें टेंकतील इतक्या अंतरावर असावा. ज्यांच्या चष्म्यांत खालच्या बाजूस वाचण्याची कांच आहे अशा माझ्यासारख्या वडीलधाऱ्यांनीं मात्र पडदा थोडा खालीं ठेवावा, नाहींतर त्या कांचेंतून पाहण्यासाठीं मान मागें टाकावी लागते. यंत्राच्या तळाशीं आणि कडेस हवेच्या फटी असतात, त्या झांकूं नयेत. उशी आणि गोधडी हे त्या दृष्टीनें लॅपटॉपचे वैरीच. यंत्र तापतें, आंतला पंखा घोंघावूं लागतो, आणि त्या उष्णतेनें बॅटरीचें आयुष्य कमी होतें.

वाडींतील घरधनीणबाईंना मीं आमची अडचण सांगितली. त्यांनीं ओसरीवरचें जुनें मेज दिलें आणि सत्यनारायणाचा वीतभर उंचीचा चौरंगहि आणून दिला. मेजावर चौरंग, चौरंगावर लॅपटॉप. पडद्याची व्यवस्था लागली, आतां हात.

माउसचा जन्म १९६४ चा. अमेरिकेंत स्टॅनफर्ड संशोधन संस्थेंत डग्लस एंगलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनीं पहिला माउस घडविला. तो चक्क लांकडाचा होता. खालीं एकमेकांशीं काटकोनांत बसविलेलीं दोन चाकें, वर एक कळ, आणि मागें शेंपटीसारखी वायर. त्या शेंपटीवरूनच त्यास उंदराचें नांव पडलें असें सांगतात. १९६८ च्या डिसेंबरांत एंगलबार्ट यांनीं सॅन फ्रान्सिस्को येथें तो विद्वानांस दाखविला, १९७० सालीं त्याचें पेटंट मिळालें. पण तें पेटंट संस्थेच्या नांवें असल्यामुळें जगभर कोट्यवधि माउस विकले जाऊनहि जनकाच्या हातीं त्याच्या विक्रीचा वांटा आला नाहीं. पुढें चाकांच्या जागीं रबरी गोळी आली. त्या गोळीस चिकटलेला मळ नखानें खरवडण्याचें काम ज्यांनीं केलें आहे, त्यांना त्या पिढीचें वर्णन सांगावयास नको. १९९६ मध्यें मायक्रोसॉफ्टनें मधल्या बोटाखालीं चाक बसविलेला माउस आणला, आणि १९९९ पासून कोणत्याहि साध्या पृष्ठावर चालणारा प्रकाशाचा माउस घरोघर पोंचूं लागला.

या प्रकाशाच्या माउसची युक्ति मोठी मौजेची आहे. त्याच्या पोटांत एक लहानसा दिवा आणि एक चिमुकला कॅमेरा असतो. दिव्याचा तिरपा प्रकाश मेजावर पडला कीं आपल्या डोळ्यांस न दिसणारे खांचखळगे सावल्यांनीं उठून दिसतात. कॅमेरा सेकंदास हजारों चित्रें घेतो आणि प्रत्येक चित्र आधींच्या चित्राशीं ताडून, खळगे किती सरकले यावरून हात किती सरकला हें ठरवितो. म्हणून ज्या पृष्ठावर खळगेच नाहींत, म्हणजे पारदर्शक कांच किंवा आरशासारखा चकचकीत दगड, तेथें तो आंधळा होतो. माउस बिघडला म्हणून दुरुस्तीस नेणारांपैकीं कित्येकांचें मेज कांचेचें असतें! जुन्या वहीचा पुठ्ठा किंवा जाड विजारीच्या कापडाचा तुकडा खालीं घातला कीं काम भागतें.

खोक्यावर ठळक अक्षरांत डीपीआय म्हणून एक आंकडा छापलेला असतो. हात एक इंच हलविला असतां माउस किती पावलें मोजतो, तें हा आंकडा सांगतो. लॅपटॉपच्या पडद्यावर आडव्या रांगेंत बहुधा १९२० ठिपके असतात. ८०० च्या माउसनें हा पडदा ओलांडावयास सुमारें अडीच इंच हात हलवावा लागतो, १६०० च्या माउसनें सव्वा इंच. घरकामास, कचेरीस, लेखनास याहून अधिक नको. दहा-वीस हजारांचे आंकडे खेळगड्यांसाठीं आहेत. तुम्हीं आम्हीं त्यासाठीं पैसे मोजणें म्हणजे ओढा ओलांडावयास आगबोट भाड्यानें घेणें होय.

मोजावयाचें तें आपल्या हातास मोजावें. मनगटाच्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोंकापर्यंत पट्टी लावावी. त्या लांबीच्या सुमारें तीन पंचमांश लांबीचा माउस हातास बेताचा होतो. माझ्या पुतणीचा हात सतरा सेंटिमीटर भरला, म्हणजे तिला दहा सेंटिमीटरांच्या आसपासचा माउस हवा. ती वापरीत होती तो प्रवासी माउस साडेआठ सेंटिमीटर लांब आणि साबणाच्या झिजलेल्या वडीसारखा चपटा होता. पिशवींत छान मावतो, या एका गुणावर तिनें तो घेतला होता! तळव्यास त्याचा आधार मिळत नसल्यामुळें बोटांच्या चिमटींत धरून तो दिवसभर ओढावा लागे, आणि मनगट खाटेच्या लोखंडी पट्टीवर टेंकलेलें. मनगटाच्या आंतल्या बाजूस हाडांची एक कमान आहे. तिच्यांतून बोटांचे दोर आणि एक मज्जातंतु जातो. हा तंतु आंगठा, तर्जनी, मधलें बोट व अनामिकेचा अर्धा भाग यांना संवेदना पुरवितो; करंगळीचा तंतु वेगळ्या वाटेनें जातो. करंगळी शाबूत राहून बाकीचीं बोटें बधिर होत असलीं तर दाब कमानींतच पडला असावा, अशी शंका घेण्यास जागा असते. हा विकार केवळ माउसमुळेंच होतो असें वैद्यकशास्त्र ठामपणें म्हणत नाहीं. मधुमेह, थायरॉइड, गरोदरपण अशीं त्याचीं दुसरींहि कारणें आहेत. म्हणूनच बधिरपणा आठवडाभर टिकला तर दुकानदाराकडे न जातां डॉक्टरकडे जावें. दुसऱ्या दिवशीं मी तिला लोणावळ्यास डॉक्टरांकडे घेऊन गेलों. त्यांनीं रात्रीं मनगट सरळ राहील असा पट्टा बांधून निजावयास सांगितलें, आणि दिवसा ती काम कशी करते हें बारकाईनें विचारलें.

हल्लीं उभा माउस पुष्कळांच्या हातीं दिसतो. तळहात पालथा केला म्हणजे कोपराखालचीं दोन हाडें एकमेकांवर आडवीं येतात. कोणाशीं हस्तांदोलन करतांना जसा हात असतो तसा तो ठेवला कीं तीं पुन्हां जवळजवळ समांतर होतात. उभ्या माउसमागचा विचार एवढाच, आणि तो सयुक्तिक आहे. परंतु तो आठवडाभर तरी परका वाटतो, बारीक रेखाटणास कांहींसा ओबडधोबड असतो, आणि कळफलकावरून घाईनें हात नेला तर आडवा पडतो. मेज लहान असेल तर गोळीचा माउस पाहावा. तो जागचा हलत नाहीं, आंगठ्यानें वा बोटांनीं वरची गोळी फिरवावयाची. ज्यांचा आंगठाच दुखतो त्यांनीं आंगठ्याच्या गोळीचा प्रकार टाळावा. डावखुऱ्यांनीं दोन्ही बाजूंस सारखा उतरता असलेला माउस घेऊन संगणकांत कळांची अदलाबदल करून घ्यावी. मी स्वतः उजवा असूनहि गेलें वर्षभर माउस डाव्या हातानें चालवितों. पहिले पंधरा दिवस बाण पडद्यावर दारू प्यायल्यासारखा फिरत होता. आतां उजव्या हातास लेखणीपुरती विश्रांति आहे. माउस कोणताहि असो, तो मनगटापासून न हलवितां कोपरापासून हलवावा. मनगटाखालची मऊ गादी हात थांबला असतां टेंकण्यासाठीं आहे, तिच्यावर मनगट रोवून हात फिरविण्यासाठीं नाहीं.

कळफलकासंबंधीं एक गोष्ट दुकानांत कोणी सांगत नाहीं. उजव्या टोंकास आंकड्यांचा चौकोन असलेला पुरा कळफलक आठ-नऊ सेंटिमीटरांनीं अधिक लांब असतो, आणि तितका माउस उजवीकडे दूर जातो. हात दिवसभर बाजूस ताणून राहिल्यानें खांदा भरून येतो. जमाखर्चाचें काम नसेल तर आंकड्यांचा चौकोन नसलेला आंखूड कळफलक घ्यावा. मराठी लिहिणारास हें अधिक लागू पडतें. इनस्क्रिप्ट रचनेंत स्वर डाव्या हाताकडे आणि व्यंजनें बहुतेक उजव्या हाताकडे आहेत; त्यांत पुन्हां माउसहि त्याच हातीं. एकाच बैलावर नांगर आणि गाडी दोन्ही लादण्याचा हा प्रकार. कापणें, चिकटविणें, साठविणें हीं नित्याचीं कामें कळफलकावरील दोन-दोन कळा दाबून होतात. तेवढ्या चार-पांच जोड्या पाठ केल्या तर माउसकडचे निम्मे हेलपाटे वांचतात.

वायर असावी कीं नसावी? ज्यांचें मेज एके ठिकाणीं स्थिर आहे त्यांनीं वायरचा घ्यावा. पांचशें रुपयांच्या आंत चांगला मिळतो आणि त्याची बॅटरी ऐन वेळीं संपत नाहीं. बिनतारीचे दोन प्रकार आहेत. एकास नखाएवढा ग्राहक यूएसबीच्या भोंकांत खोंचावा लागतो, दुसरा ब्लूटूथवर चालतो. दोघेहि २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवर बोलतात, आणि घरांतील वायफायहि बहुधा त्याच सुमारास बोलत असतें. पुतणीचा माउस मधून मधून अडखळत असे. ती पावसास दोष देई. मीं पाहिलें तों ग्राहकाच्या अगदीं शेजारच्या भोंकांत तिनें बाहेरची हार्ड डिस्क लावलेली. वेगवान यूएसबी जोडणींतून याच लहरींच्या आसपासचा गोंगाट बाहेर पडतो आणि शेजारच्या ग्राहकास कांहीं ऐकूं येईनासें होतें. ग्राहक यंत्राच्या दुसऱ्या अंगास लावला आणि अडखळणें थांबलें. पाऊस निर्दोष सुटला. महिनोन् महिने वापरावयाचा नसेल तेव्हां माउसमधील सेल काढून ठेवावा; सेल पाझरला म्हणजे आंतल्या पट्ट्या हिरव्या पडतात. एकदां दाबलें असतां दोनदां दाबल्याचा भास होऊं लागला तर कळेखालची पातळ पट्टी झिजली वा गंजली असें समजावें. दमट हवेंत हें लवकर होतें, आणि स्वस्त माउसच्या बाबतींत दुरुस्तीपेक्षां नवा घेणें सोयीचें पडतें.

खरेदी शक्य तों हातांत धरून करावी. तपकीर गल्लींत किंवा आपल्या गांवच्या दुकानांत दोन मिनिटें माउस तळव्याखालीं फिरवून जें कळतें, तें चित्रावरून कळत नाहीं. झोंपलेल्या मुलाजवळ बसून काम करणाऱ्या आईबापांनीं मूक कळांचा माउस मागावा. हा एक नवा लाड मला खरोखरीच उपयोगाचा वाटला.

आतां विजेचें. चार्जर लावला असतां लॅपटॉपच्या धातूच्या अंगास हात लागून मुंग्या आल्यासारखें वाटतें, हा अनुभव पुष्कळांस असेल. चार्जरांत गोंगाट गाळण्यासाठीं जे धारक बसविलेले असतात, त्यांतून अतिसूक्ष्म प्रवाह पाझरतो. तिसरी पीन खऱ्या अर्थानें जमिनीस जोडलेली असेल तर तो तिकडून निघून जातो. नसेल तर आपल्या बोटांतून वाट काढतो. चार्जर धडका असेल तर तो सहसा अपायकारक नसतो, पण घरांतील अर्थिंग नादुरुस्त असल्याची ती सूचना असते, आणि तीच उणीव ओल्या हातानें पाणी तापविण्याच्या यंत्रास शिवल्यास जिवावर बेतते. सह्याद्रीच्या काळ्या कातळांत अर्थिंगचा खड्डा खोल जात नाहीं. म्हणून डोंगराळ भागांत घर घेतांना वा भाड्यानें राहतांना वायरमनकडून तो तपासून घ्यावा. चार्जर बदलावा लागला तर मूळच्याइतक्याच वॅटचा किंवा त्याहून अधिक वॅटचा घ्यावा आणि त्यावर भारतीय मानक ब्यूरोचें चिन्ह व आर अक्षरानें सुरू होणारा क्रमांक आहे हें पाहावें. साधी टाइप-सी केबल साठ वॅटपर्यंत वाहूं शकते; यंत्राची भूक त्याहून मोठी असली तर केबलहि त्या तोलाची लागते. वळवाच्या आणि परतीच्या पावसांत गडगडाट सुरू झाला कीं प्लग भिंतींतून उपसून ठेवावा. नुसतें बटण बंद करून वीज अडत नाहीं. लॅपटॉप आपल्या बॅटरीवर चालतो, पण वीज जातांच वायफायची पेटी मरते. तिच्यापुरता लहान यूपीएस मिळतो, आणि मावळांत घरून काम करणारास माझ्या मतें तो स्टँडखालोखाल उपयोगाचा आहे.

ओलाव्यासाठीं फार थोडें करावयाचें असतें, पण तें नेमानें. यंत्र पिशवींत बंद करून आषाढ-श्रावण ठेवूं नये. रोज तास-दीड तास चालविलें म्हणजे स्वतःच्या उबेनें तें कोरडें राहतें. मळवलीहून पावसांत चढून आल्यावर, पिशवी आंतून ओली झाली असल्यास, यंत्र लगेच चालू करूं नये; पुसून, उघडून, पंख्याखालीं ठेवावें. पाणी सांडलेंच तर प्रथम चार्जर काढावा, यंत्र बंद करावें, पालथें धरावें आणि दुरुस्तीस न्यावें. तांदळाच्या डब्यांत पुरून ठेवण्याचा जो उपाय सर्वत्र सांगितला जातो तो व्यर्थ आहे. उघड्या हवेपेक्षां तांदूळ कांहीं अधिक ओलावा शोषीत नाहीं, उलट त्याची पूड फटींतून आंत जाते. मावळांत तर इंद्रायणी तांदूळ पिकतो. त्याचा असा उपयोग करणें म्हणजे यंत्र आणि तांदूळ या दोघांचाहि अपमान आहे.

मी निघण्यापूर्वीं दोन वस्तू मागविल्या होत्या, एक आंखूड कळफलक आणि एक हातास मापाचा माउस. वाडीपर्यंत पार्सल येईना. मळवलीस जाऊन घ्यावें लागलें. पुतणी खाटेवरून मेजाशीं आली आणि पाऊण तासानें एकदां उठून ओसरीवर फेरी घालूं लागली. पट्टा बांधून निजण्यास ती प्रथम कुरकुरली. महिन्याभरानें तिचा फोन आला. पहांटेचा बधिरपणा आतां आठवड्यांतून एखादे दिवशीं येतो, भाकरी एका हातानें मोडते, पण डॉक्टरांनीं पट्टा आणखी कांहीं दिवस ठेवावयास सांगितलें आहे.

“आणि काका,” ती म्हणाली, “श्रावण लागला. मावशींना पूजेसाठीं चौरंग परत पाहिजे. तें घडीचें स्टँड कोणतें म्हणालां होतां?”